तलवारबाजीत ‘पदक लवकर मिळतं’ म्हणतात, ते कितपत खरं? परतूरच्या हायस्कूलपासून राज्य स्पर्धेपर्यंतचा रस्ता समजून घ्या

‘कबड्डीत नंबर लागत नसेल तर तलवारबाजीत नाव दे. तिथं पोरं कमी असतात, पदक लगेच मिळतं.’

तालुक्याच्या गावात शाळा सुरू झाली, की मैदानावर असा सल्ला कुणी ना कुणी देतंच. कधी वरच्या वर्गातली मुलं देतात, कधी पालकच एकमेकांना देतात. त्यावर विश्वास ठेवून मुलं नाव देतात. काहींच्या हातात खरंच पदक येतं आणि घरच्यांच्या स्टेटसला फोटो लागतो.

सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. पहिली पायरी सोपी असते कारण तिथं गर्दी कमी असते. दुसऱ्या पायरीवर गाठ पडते ती वेगळ्याच तयारीच्या मुलांशी. परतूरसारख्या गावातल्या हायस्कूलच्या संघात मुलगा किंवा मुलगी जाणार असेल, तर या दोन पायऱ्यांमधलं अंतर आधी समजून घ्यायला हवं.

आधी एक गैरसमज: हा आपला दांडपट्टा नाही

तलवारबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवजयंतीची मिरवणूक येते. लाठी, दांडपट्टा, ढाल-तलवार. ती आपली मर्दानी खेळांची परंपरा आहे. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मानही मिळाला.

शालेय स्पर्धेतली तलवारबाजी म्हणजे फेन्सिंग. हा खेळ युरोपात घडला आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. पंचांच्या आज्ञा आजही फ्रेंचमध्येच असतात. ‘ऑन गार्ड’ म्हणजे पवित्र्यात या, ‘प्रे’ म्हणजे तयार आहात का, ‘आले’ म्हणजे सुरू करा आणि ‘आल्त’ म्हणजे थांबा. परतूरच्या मुलानं या आज्ञा शिकल्या, तर त्या पॅरिसमध्येही तशाच चालतात.

खेळायची पट्टी १४ मीटर लांब आणि साधारण दीड ते दोन मीटर रुंद असते. तिला ‘पिस्ट’ म्हणतात. शाळेचा लांब व्हरांडा असेल तर सरावापुरती पट्टी तिथंही आखता येते. या खेळाला मोठं मैदान लागत नाही, ही त्याची पहिली जमेची बाजू.

एक नाव, तीन खेळ

तलवारबाजीत तीन हत्यारं असतात आणि खेळाडू सहसा त्यातलं एकच निवडतो.

फॉइल: वजनानं हलकी, जास्तीत जास्त ५०० ग्रॅम. फक्त टोकानं टोचायचं आणि तेही धडावर. हाताला किंवा पायाला लागलं तर गुण नाही.

इपी: तिन्हींत जड, जास्तीत जास्त ७७० ग्रॅम. हीसुद्धा टोकानंच मारायची, पण डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठंही लागलं तरी गुण. दोघांनी एकाच वेळी मारलं तर दोघांनाही गुण.

सेबर: टोकानं टोचता येतं आणि पात्याच्या धारेनं वारही करता येतो. कमरेच्या वरचा भाग लक्ष्य, डोकं आणि हात धरून. तिन्हींत सगळ्यात वेगवान खेळ हाच. डोळ्याचं पातं लवतं तोवर टच झालेला असतो.

फॉइल आणि सेबरमध्ये आणखी एक गोम आहे. दोघांचे वार एकदम लागले तर ‘हल्ल्याचा हक्क कुणाचा होता’ हे पंच ठरवतात. आधी कुणी नीट हल्ला सुरू केला, समोरच्यानं तो अडवून उलटा वार केला का, हे सगळं एका क्षणात पाहायचं असतं. त्यामुळे नियम पाठ करून हे दोन प्रकार येत नाहीत. चांगल्या पंचांसमोर भरपूर सामने खेळले की मगच ते अंगात भिनतात.

संघात रोज काय चालतं?

पहिले काही आठवडे तलवार हातात येतच नाही, आणि बरीच मुलं इथंच कंटाळतात. सराव असतो तो फक्त पायांचा. गुडघे वाकवून उभं राहायचं, एक पाऊल पुढं, एक मागं, मग ‘लंज’ म्हणजे पुढचा पाय लांब टाकून झेप. शेकडो वेळा. मांड्या भरून येतात, जिना उतरताना रडू येतं. मजा अशी, की या काळात शाळेला एक रुपयाही खर्च येत नाही. पाय पक्के झाले की अर्धा खेळ आला.

त्यानंतर मास्क, जाड जॅकेट, हातमोजा. मराठवाड्यात पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा हे सगळं अंगावर चढवून खेळणं म्हणजे परीक्षाच. म्हणून सराव सकाळी लवकर घेतलेला बरा.

साहित्य कमी असलं की ते आळीपाळीनं वापरावं लागतं. एकीनं घामानं भिजवलेलं जॅकेट दुसरीनं घालायचं. त्यात एक अडचण लवकर लक्षात येत नाही. फेन्सिंगचं जॅकेट आणि हातमोजा डावखुऱ्यांसाठी वेगळे असतात, तलवारीच्या पकडीचे काही प्रकारही वेगळे असतात. खरं तर या खेळात डावखुऱ्या खेळाडूला फायदा असतो, कारण समोरच्याला त्या बाजूनं येणाऱ्या वाराची सवय नसते. पण शाळेनं सगळा संच उजव्या हाताचाच घेतला असेल, तर तीच मुलगी मागं पडते.

परतूर ते राज्य: पायऱ्या कशा असतात?

शालेय स्पर्धा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होतात. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. कबड्डी, खो-खोसारख्या खेळांत आधी तालुका जिंकावा लागतो. तलवारबाजीसारख्या कमी प्रवेशिकांच्या खेळात सहसा थेट जिल्हा पातळीवरच स्पर्धा होते.

आता समजा, परतूरच्या एका हायस्कूलमधली नववीतली मुलगी १७ वर्षांखालील गटात सेबर खेळते. तिचा रस्ता असा असेल.

पहिली पायरी जालना. परतूर हे मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे, त्यामुळे जालन्याला जाणं तसं सोपं. जिल्ह्यात फेन्सिंग शिकवणाऱ्या शाळा मोजक्याच असतील, तर तिच्या गटात मुलीही मोजक्याच असतात. दोन-तीन सामने जिंकले की ती पहिल्या तिघींत. ‘पदक लवकर मिळतं’ ते इथं.

दुसरी पायरी विभाग. जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. जालन्याहून संभाजीनगर रस्त्यानं ६० किलोमीटरच्या आसपास, पण तलवारबाजीत हे अंतर खूप मोठं आहे. कारण संभाजीनगर हे राज्यातल्या तलवारबाजीचं मोठं केंद्र आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे ‘साई’चं केंद्र आहे आणि तिथं फेन्सिंगचं प्रशिक्षण चालतं. शहरातल्या विभागीय क्रीडा संकुलात राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धाही झाल्या आहेत. तिथली मुलं मोठ्या खेळाडूंना समोर खेळताना पाहत मोठी होतात.

तिसरी पायरी राज्य आणि चौथी राष्ट्रीय शालेय स्पर्धा. परतूरच्या मुलीचा खरा कस लागतो तो या दोन्हींच्या आधी, विभागाच्या पट्टीवर.

वेळापत्रकही तिच्या बाजूचं नसतं. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि वरच्या फेऱ्या दिवाळीच्या आगेमागे येतात. नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते. ज्या घरात प्रत्येक हात मोलाचा असतो, तिथं चार दिवस स्पर्धेला जायचं म्हणजे घरच्यांशीही एक सामना खेळावा लागतो.

टच लागला, मग दिवा का नाही लागला?

विभागाला गेलेल्या नवख्या खेळाडूला बसणारा धक्का बहुतेक वेळा विजेचा असतो, म्हणजे इलेक्ट्रिक साहित्याचा.

मोठ्या स्पर्धांत गुण डोळ्यांनी मोजत नाहीत. खेळाडूच्या जॅकेटमधून एक वायर तलवारीपर्यंत जाते आणि मागून गुण दाखवणाऱ्या यंत्राला जोडलेली असते. वार लागला की दिवा पेटतो. फॉइल आणि सेबरमध्ये वरून धातूच्या धाग्यांचं आणखी एक जॅकेट घालावं लागतं, म्हणजे वार योग्य जागी लागला का हे यंत्राला कळतं.

फॉइल आणि इपीच्या टोकाला स्प्रिंगचं बटण असतं. फॉइलमध्ये ते दाबायला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो, इपीमध्ये ७५० ग्रॅमचा. शाळेत साध्या तलवारीवर सराव केलेल्या मुलाला वाटतं, टोक टेकलं की झालं. मैत्रीण प्रामाणिकपणे ‘लागलं’ म्हणते आणि गुण मिळतो. विभागाच्या पट्टीवर तेच टोक निसटतं टेकतं, बटण दबत नाही आणि दिवा पेटत नाही. पंच ‘लागलं असेल’ असं धरत नाहीत.

इपीमध्ये तर यंत्र सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागाचा हिशेब ठेवतं. दोन वारांत त्याहून जास्त फरक असेल, तर फक्त आधीचा वार धरला जातो. सेबरमध्ये दाबाची अट नाही, पण वेग इतका असतो की साध्या डोळ्यांना सवय नसेल तर आपण का हरलो हेच कळत नाही.

म्हणून मुलं घरी येऊन सांगतात, ‘मी मारलं होतं, पण दिला नाही.’ पालकांना वाटतं पंचांनी अन्याय केला. कधी चूक पंचांचीही असू शकते. पण बऱ्याचदा खरं कारण असं असतं, की त्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदाच वायर लावून सामना खेळलेला असतो.

भवानी देवीही बांबूवरच शिकली

हे वाचून वाटेल, मग आपल्या मुलांना संधीच नाही. तसं नाही.

ऑलिंपिकमध्ये खेळलेली भारताची पहिली तलवारबाज सी. ए. भवानी देवी चेन्नईची. वडील मंदिरात पुजारी, आई गृहिणी. २००४ च्या सुमारास शाळेत खेळ निवडायची वेळ आली, तेव्हा बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या आणि फेन्सिंग उरलं होतं. सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांवर. इलेक्ट्रिक तलवार महाग, म्हणून ती फक्त स्पर्धेपुरती बाहेर निघायची. परतूरच्या कुठल्याही शाळेत घडू शकेल अशीच ही सुरुवात आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षी ती तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेली. सामन्याला तीन मिनिटं उशीर झाला आणि पंचांनी काळं कार्ड दाखवून बाहेर काढलं. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, तिनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला १५-३ असं हरवलं. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ती ७-१५ अशी हरली. २०२३ मध्ये चीनमधल्या वूशी इथं आशियाई स्पर्धेत जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुराला हरवून तिनं कांस्यपदक मिळवलं.

पण तिच्या गोष्टीतला एक भाग आपण विसरतो. ती बांबूवरच थांबली नाही. दहावीनंतर ती केरळमधल्या थलासेरीच्या ‘साई’ केंद्रात गेली. तिथं प्रशिक्षक मिळाले, साहित्य मिळालं, रोज तोलामोलाचे प्रतिस्पर्धी मिळाले. सुरुवात बांबूवर होऊ शकते, पण पुढं जायचं तर वेळेत चांगल्या केंद्रावर पोहोचावं लागतं. परतूरच्या मुलांसाठी तसं केंद्र दुसऱ्या राज्यात नाही, शेजारच्या जिल्ह्यात आहे.

खर्च आणि धोका

पालकांचे नेहमीचे प्रश्न दोन: किती लागतील आणि लागणार तर नाही ना?

खर्चाचं थोडक्यात सांगायचं तर सुरुवातीचं भारतीय बनावटीचं साहित्य काही हजारांत येतं. इलेक्ट्रिक तलवार, धातूचं जॅकेट आणि वायर घेतल्या की आकडा वाढतो. आंतरराष्ट्रीय महासंघाचा शिक्का असलेलं परदेशी साहित्य सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातं, पण शालेय पातळीवर लगेच त्याची गरज नसते. त्यातही पाती तुटतात, वायर खराब होतात. म्हणून खर्च एकदा करून संपत नाही. शाळेनं चार-सहा मुलांत मिळून एक इलेक्ट्रिक संच आणि एक यंत्र घेतलं, तर तोच पैसा सगळ्यात कामी येतो. क्रीडा साहित्याच्या अनुदानाची चौकशी शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी.

धोक्याचं म्हणाल, तर तलवारीला धार नसते आणि टोक बोथट असतं. नीट साहित्य असेल तर मुरगळणं आणि काळं-निळं होणं यापलीकडे सहसा फारसं काही होत नाही. ‘नीट साहित्य’ हे मात्र गंभीरपणे घ्यायचं. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटून मास्कमध्ये घुसलं आणि सोव्हिएत संघाचा ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याचा मृत्यू झाला. त्यानंतर मास्क, कपडे आणि पात्यांचे नियम कडक झाले. म्हणून जाळी दबलेला मास्क, फाटलेलं जॅकेट, वाकून तडा गेलेलं पातं ‘सरावापुरतं चालतंय’ म्हणून वापरू देऊ नका. जॅकेटच्या आत हत्याराच्या बाजूला घालायचं जादा संरक्षण आणि मुलींसाठी छातीचं कवच या वस्तू चैनीच्या नाहीत.

एकट्याचा खेळ, मग ‘संघ’ कशाला?

वैयक्तिक सामना आधी ५ टचचा, बाद फेरीत १५ टचचा. सांघिक प्रकारात मात्र तिघं खेळतात आणि एक राखीव असतो. प्रत्येकानं समोरच्या तिघांशी खेळायचं, म्हणजे एकूण ९ लढती. गुण पुढं मोजत जायचे: पहिली लढत ५ पर्यंत, दुसरी १० पर्यंत, असं करत ४५.

समजा संघ १५-२० असा मागं आहे. पुढची लढत २५ पर्यंत. आता आत जाणाऱ्या मुलीला ५ नाही, १० टच मारून संघाला पुढं काढता येतं. उलट आघाडी असताना एकीनं घाई केली, तर मैत्रिणींनी कमावलेलं सगळं तीन मिनिटांत जातं. आपल्या चुकीचे गुण दुसऱ्याच्या खात्यातून वजा होतात, हे या वयात कळणं मोठी गोष्ट आहे. सुरुवातीला आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याला आणि पंचांना तलवारीनं सलाम करावाच लागतो, मग हरलेलं असो की जिंकलेलं.

गुण आणि नोकरी: खरं किती?

दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि त्यासाठी नाव देण्यात लाज वाटायचं कारण नाही. शेतकरी घरातल्या मुलासाठी ते पाच टक्के म्हणजे आयुष्याचा प्रश्न असतो.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कुठल्या पातळीवर काय मिळवलं यावर लाभ ठरतो, आणि जिल्ह्याचं पदक म्हणजे नोकरी नव्हे. दोन, नोकरीसाठी दिलेल्या क्रीडा प्रमाणपत्राची क्रीडा विभाग पडताळणी करतो. स्पर्धा मान्यताप्राप्त होती का, खेळाडू खरंच खेळला होता का, हे तपासलं जातं. म्हणून ‘फी भरा, प्रमाणपत्र घ्या’ छापाच्या कुठल्याही स्पर्धेपासून मुलांना लांब ठेवा.

मग नाव द्यायचं का?

द्यायचं. पण आधी शाळेला हे पाच प्रश्न विचारा.

१. शिकवणारे प्रशिक्षक स्वतः फेन्सिंग खेळलेले किंवा शिकलेले आहेत का?

२. मास्क आणि जॅकेट किती आहेत, कधी घेतले आहेत?

३. स्पर्धेआधी मुलांना वायर लावून किती सामने खेळायला मिळतात?

४. डावखुऱ्या मुलांसाठी साहित्य आहे का?

५. वर्षातून एकदा तरी मुलांना संभाजीनगरला सरावाला नेता येईल का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आधी तिथल्या मुलांशी दहा सामने खेळून दहाही हरलेली मुलगी, फक्त जिल्ह्यात जिंकत आलेल्या मुलीपेक्षा विभागाला जास्त तयार असते. त्या दहा हारींचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि फोटोही स्टेटसला लागत नाही. पण पुढच्या वर्षी दिवा तिच्या बाजूचा पेटायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.